मुदतवाढ

गेल्या दोन महिन्यांत सीए फर्ममध्ये काम करणाऱ्या पाच जणींनी मला एकच प्रश्न विचारला, "ताई, तू कसं सोडलंस?" मी तसलीच नोकरी सोडून बी.एड. केलं आणि आता शिकवते, त्याबद्दल हे. फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं. कुणाला कागदांचं सांगते तर पैशांचं राहतं, पैशांचं सांगते तर मनाचं राहतं. म्हणून सगळं एकदाच, झालं त्या क्रमानं लिहून ठेवते आहे.

आमचं ऑफिस शाहूपुरीत होतं. ऑगस्ट २०१२ मध्ये मी तिथं आर्टिकल म्हणून, म्हणजे सीएच्या अभ्यासक्रमातली उमेदवारी करायला, लागले. महिन्याला दीड हजार स्टायपेंड. तीन वर्षं संपल्यावर तिथंच नोकरीला राहिले आणि सोडलं तेव्हा पगार २२,५०० होता. ऑफिसात नऊ माणसं, त्यामुळं पीएफ वगैरे काही नव्हतं. क्लायंट म्हणजे आपलं कोल्हापूरच: मार्केट यार्डातले गुळाचे अडते, गुजरीतले सराफ, उद्यमनगरातली मशीनशॉप, शिरोलीच्या फौंड्री, चार पतसंस्था आणि हुपरीचे दोन चांदीवाले. ३१ मार्चला फौंड्रीत स्टॉक मोजायला गेलं की घरी येऊन तीनदा डोकं धुतलं तरी केसांतनं वाळू निघायची. ते काम मला आवडायचं. हे आधीच सांगते, कारण वैतागून सोडलं असं बऱ्याच जणांना वाटतं. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांची दोन बाजूंची यादी, जुळत नसली की मी जेवण विसरायची. फरकाला ९ नं भाग जातो का बघायचा. गेला तर कुठंतरी दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते, ५,४६३ चे ५,६४३ असे. नाहीतर फरकाची निम्मी रक्कम वह्यांत शोधायची. ती सापडली तर एखादी नोंद उलट्या बाजूला पडलेली असू शकते. अडत्यांच्या दुकानातल्या म्हाताऱ्या दिवाणजींना हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा त्यांनी वहीच्या मागच्या पानावर ते लिहून घेतलं होतं.

सीए फायनलचा पहिला ग्रुप २०१६ मध्ये निघाला. दुसरा निघाला नाही. चारशेपैकी दोनशे लागतात. मला १८७, १९२, १७९ आणि १९४ पडले. १९४ चा निकाल बघितला त्या दिवशी मी रंकाळ्यावर दोन तास बसून होते. घरी गेल्यावर म्हटलं, अजून एक अटेम्प्ट. मग मुलगी झाली, मग कोविड.

आमच्या धंद्यात मुदतवाढ या शब्दाला फार वजन आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या कित्येक दुकानांत पाणी शिरलं. एका क्लायंटच्या वह्या आम्ही ऑफिसात दोरीवर वाळत घातल्या होत्या आणि एकेक पान पंख्याखाली धरून वाचत होतो. त्या वर्षी टॅक्स ऑडिटची, म्हणजे आयकरासाठी क्लायंटचे हिशेब तपासून रिपोर्ट द्यायची, तारीख ३० सप्टेंबरवरनं ३१ ऑक्टोबर झाली, तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. पुढच्या वर्षी तीच तारीख १५ जानेवारी २०२१ पर्यंत गेली. ७ जून २०२१ ला आयकराचं नवं पोर्टल आलं, ते चालेना, आणि त्या वर्षीचं ऑडिट १५ फेब्रुवारी २०२२ पर्यंत लांबलं. जीएसटीच्या रिटर्नचे फेरे तर २०१७ पासून दर महिन्याला होतेच. वर्षातला एकही महिना असा उरला नाही की ज्यात मी बसून स्वतःचा विचार करू शकेन. दर वेळी म्हणायचे, हा सीझन होऊ दे, मग बघू. ही मुदतवाढ मी स्वतःला सहा वर्षं देत आले.

निर्णय झाला तो दिवस मला नेमका आठवतो. ३० सप्टेंबर २०२२ च्या संध्याकाळी बातमी आली की ऑडिटची तारीख ७ ऑक्टोबर झाली. ऑफिसात टाळ्या वाजल्या. मी कॅलेंडर बघितलं. ५ ऑक्टोबरला दसरा होता. कोविडच्या दोन वर्षांनंतरचा दसरा चौकातला तो सोहळा, आणि मुलीला मी शब्द दिला होता की यंदा पालखी बघायची, सोनं लुटायला जायचं. पाच तारखेला मी सकाळी नऊला ऑफिसला गेले आणि रात्री साडेदहाला परतले. मुलगी आपट्याची दोन पानं मुठीत धरून झोपली होती. पानं मऊ पडली होती. त्या रात्री मी ठरवलं की पुढच्या सप्टेंबरच्या आत काहीतरी करायचं.

काय करायचं, हे मात्र ठरलेलं नव्हतं. चार वाटा तपासल्या. गोकुळ शिरगावच्या एका कंपनीत अकाउंट्सची मुलाखत दिली. २८ हजार देत होते, पण काम तेच, फक्त एकाच कंपनीचं. पुण्याला जाणं घरच्या परिस्थितीत शक्य नव्हतं. स्वतःचं रिटर्न भरायचं ऑफिस काढावं असंही वाटलं, पण तारखा त्याच राहिल्या असत्या. चौथी वाट शेजारच्या मुलामुळं दिसली. बारावी कॉमर्सचा तो पोरगा भागीदारीच्या गणितात अडला होता. आठवड्यातनं दोनदा तासभर त्याला शिकवायला लागले आणि एका रविवारी लक्षात आलं की शनिवारपासूनच मी उद्या त्याला कोणतं उदाहरण द्यायचं याचा विचार करत होते.

मी २०१७ मध्ये शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातनं एम.कॉम. केलं होतं. ज्युनिअर कॉलेजला शिकवायला एम.कॉम. आणि बी.एड. लागतं, म्हणजे निम्मं माझ्याकडं होतंच. तरी उडी मारण्याआधी एका ज्युनिअर कॉलेजच्या मॅडमना जाऊन भेटले. त्यांनी काहीही गोड करून सांगितलं नाही. अनुदानित जागा कमी, भरती सरकारच्या पवित्र पोर्टलवरनं, त्यासाठी शिक्षक अभियोग्यता चाचणी द्यावी लागते, आणि तोवर तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, शिकवायचं. "दोन-तीन वर्षं तुझा आत्ताचा पगार विसर आणि मग ये," त्या म्हणाल्या. तुम्हीही असं कुणालातरी भेटाच. क्लासच्या जाहिरातीत हे लिहिलेलं नसतं.

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्यानं फक्त हिशेब मागितला. माझी आई कागलला असते. ती फोनवर म्हणाली, "लोकांची पोरं नोकरीच्या मागं लागल्यात आणि तू हातातली सोडतीस व्हय?" तिच्याशी मी वाद घातला नाही. तिनं लोकांची धुणीभांडी करून मला बी.कॉम. केलं, तिला भीती वाटणारच. तिला वहीत लिहून दाखवलं: भिशीचे ६० हजार जानेवारीत हातात येणार, पतसंस्थेतली आरडी ४८ हजारांची, आणि शेजारच्या मुलासारखी तीन-चार मुलं शिकवणीला. ती वही तिनं दोनदा वाचायला लावली आणि मग म्हणाली, "बघ मग."

बी.एड.ची सीईटी राज्याचा सीईटी कक्ष घेतो. मार्च २०२३ मध्ये फॉर्म भरला, फी हजाराच्या आसपास. फॉर्म भरतानाच पहिली अडचण आली. गुणपत्रिकांवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. आमच्या लग्नाची नोंदणीच केलेली नव्हती. मग महापालिकेत नोंदणी: तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, लग्नातले फोटो आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. भटजी गाव बदलून गेले होते, त्यांना शोधण्यातच आठवडा गेला. सगळं मिळून सतरा दिवस लागले. ज्या बायकांच्या कागदांवर दोन नावं आहेत त्यांनी बाकी काही करायच्या आधी हे करावं. सोबतच अधिवासाचा दाखला काढा आणि पदवीच्या कॉलेजातनं मूळ टीसी आणून ठेवा. माझ्या कॉलेजात टीसी द्यायला तीन फेऱ्या मारायला लावल्या. अकरा वर्षांपूर्वीचं रजिस्टर सापडत नव्हतं. शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडं साडेतीनशे रुपयांत झालं. सगळे मूळ कागद मोबाइलवर नीट स्कॅन करून एकाच फोल्डरमध्ये ठेवा. पुढं ते किमान सहा वेळा लागतात.

परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात होती आणि एप्रिल म्हणजे बँकांच्या शाखांचं ऑडिट. मी गडहिंग्लजकडच्या एका शाखेत दिवसभर कर्जाच्या फायली बघत होते आणि परतताना एसटीत बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवत होते. १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. चाळीस प्रश्न बौद्धिक क्षमतेचे, तीस सामान्य ज्ञानाचे, तीस शिक्षक अभियोग्यतेचे. ऑडिटवाल्यांना पहिला भाग जड जात नाही. सामान्य ज्ञानात मी कमी पडले, कारण दहा वर्षांत वर्तमानपत्रातलं व्यापाराचं पान सोडून काही वाचलंच नव्हतं. मला ५८ मिळाले.

फर्मच्या सीए सरांना नोकरी सोडते म्हणून सांगायचं होतं, त्यासाठी जूनचा पहिला आठवडा निवडला. जुलैची रिटर्नं सुरू झाल्यावर सांगणं मला बरोबर वाटलं नाही. मी केबिनमध्ये गेले, उभ्यानंच सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सहा मार्कांनी गेलेली परीक्षा सोडतेस. परत देणार नाहीस काय?" मी नाही म्हटलं. हा शब्द उच्चारायला मला सहा वर्षं लागली आणि उच्चारल्यावर रडू आवरलं नाही. सरांनी पाणी मागवलं. त्यांनीच मला विसाव्या वर्षी व्हाउचर कसं तपासायचं ते शिकवलं होतं.

फर्म सोडताना काय काय द्यावं लागतं याची मला कल्पना नव्हती. ८३ क्लायंट माझ्याकडं होते. त्यांची लॉगिनं, बाकी राहिलेल्या नोटिसा आणि त्यांच्या उत्तरांच्या तारखा, ४१ डिजिटल सिग्नेचरची टोकनं, आणि ज्यांचे मूळ कागद आपल्या कपाटात आहेत त्यांची यादी. सगळ्यात अवघड ओटीपी. गेल्या काही वर्षांत घाईच्या वेळी कित्येक पोर्टलांवर क्लायंटच्या नंबरसोबत माझाच मोबाइल टाकला गेला होता. एकेका खात्यात जाऊन तो बदलताना दीड महिना गेला, तरी काही राहिलेच. पुढं वर्गात शिकत असताना माझ्या फोनवर कुणाच्यातरी जीएसटीचा ओटीपी यायचा. कृपा करून स्वतःचा नंबर क्लायंटच्या खात्यात टाकू नका, आणि टाकला असेल तर आज रात्रीच यादी करायला घ्या. अनुभवाचं पत्र लेटरहेडवर मागून घ्या, त्यात कामाचं स्वरूपही लिहून घ्या.

माझा विचार ३० सप्टेंबरपर्यंत काम करून निघायचा होता. प्रवेशाच्या फेऱ्या आपल्या सोयीनं चालत नाहीत. ऑनलाइन नोंदणी, कागदांची तपासणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, मग कॉलेजांचे पर्याय भरायचे. पर्याय भरताना अंतर बघा, नुसतं नाव बघू नका. दोन वर्षं रोज जायचं असतं. मला दुसऱ्या फेरीत शहरातलंच विनाअनुदानित कॉलेज मिळालं, वर्षाला ४१ हजार फी. हजर व्हायला मोजके दिवस होते, आणि ते ऐन ऑडिटमध्ये आले. मी सरांना शब्द दिला की संध्याकाळी येईन. सप्टेंबरभर दिवसा कॉलेज आणि सहा ते दहा ऑफिस केलं. त्या वर्षी मुदतवाढ आली नाही. ३० तारखेला शनिवार होता. शेवटचा रिपोर्ट अपलोड झाला, मी माझा हिरवा पेन ड्रॉवरमध्ये ठेवला आणि किल्ली दिली.

नोकरी सांभाळून बी.एड. होईल काय, हे बऱ्याच जणी विचारतात. नियमित बी.एड. पूर्ण नोकरीसोबत होत नाही. वर्गाला ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेला ९० टक्के हजेरी लागते, आणि आंतरवासिता दोन वर्षांत मिळून वीस आठवड्यांची असते. संध्याकाळच्या शिकवण्या मात्र होतात. माझं घर त्यावरच चाललं.

बत्तिसाव्या वर्षी परत बाकावर बसणं सुरुवातीला जड गेलं. वर्गातल्या मुली बावीस-तेवीसच्या. सूक्ष्म अध्यापन म्हणजे सहा मिनिटांचा पाठ: एकदा फलकलेखनाचा, एकदा प्रश्न विचारण्याचा, एकदा स्पष्टीकरणाचा. मैत्रिणी विद्यार्थी होऊन समोर बसतात, मग चुका सांगतात, मग तोच पाठ पुन्हा घ्यायचा. माझी सगळ्यात मोठी चूक पहिल्याच दिवशी कळली: मी फळ्याकडं तोंड करून बोलत होते. अकरा वर्षं संगणकाकडं बघून बोलायची सवय होती.

खऱ्या वर्गातला पहिला पाठ अकरावीला होता, रोजकीर्दीचा. पस्तीस मिनिटांचं टाचण मी चौदा मिनिटांत संपवलं. उरलेली एकवीस मिनिटं साठ मुलं माझ्याकडं बघत होती. मी डेबिट-क्रेडिट म्हणत गेले आणि पुस्तकात होतं नावे आणि जमा. मुलांनी काही विचारलं नाही, कारण विचारावं इतकंही कळलं नव्हतं. त्या रात्री मराठी माध्यमाचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. खातेवही, तेरीज, घसारा, बँक जुळवणी पत्रक. हे शब्द मार्केट यार्डातल्या दिवाणजींच्या तोंडी मी रोज ऐकले होते, आणि ऑफिसात शिरताना बाहेर ठेवून आले होते. दुसऱ्या पाठाला मी गुळाच्या अडत्याची गोष्ट घेऊन गेले. शेतकऱ्यानं गूळ आणला, अडत्यानं विकला, अडत कापली, उरलेले पैसे दिले; आता अडत्याच्या वहीत काय काय लिहायचं? मागच्या बाकावरच्या एका मुलाचे वडील यार्डात हमाली करायचे. त्यानं हात वर करून हमालीची नोंद कुठं पडते ते विचारलं. मी विसरलेच होते ती.

एका निरीक्षकांनी माझ्या पाठाखाली लिहिलं होतं, "प्रमाण भाषा वापरावी." आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी जातो' म्हणतात, तसं वर्गात तोंडातनं गेलं होतं. मी टाचणात सुधारणा केली, गुण महत्त्वाचे होते. पण वर्गात भाषा जवळची वाटली की मुलं प्रश्न विचारतात, हे मी पाहिलं आहे, आणि ते मी सोडणार नाही.

खर्चाचं सांगते. फी ८२ हजार, केएमटी बसचा पास आणि बाकी प्रवास १४ हजार, टाचणवह्या, तक्ते, छपाई साडेनऊ हजार, परीक्षा फी, फॉर्म आणि कागदपत्रं साडेआठ हजार. एकूण १ लाख १४ हजार. न मिळालेला दोन वर्षांचा पगार यात धरलेला नाही. तो धरला तर आकडा पाच पटींच्याही वर जातो. आरडी दुसऱ्या वर्षीच्या फीला मोडली. एकदा, फेब्रुवारी २०२५ मध्ये, मंगळसूत्रातल्या वाट्या गहाण ठेवायची वेळ आली होती, तेवढ्यात दोन नवीन शिकवण्या मिळाल्या. हे लिहिताना मला संकोच वाटतो आहे, पण ज्या विचारत आहेत त्यांना हे कळायला हवं.

बी.एड.चं शेवटचं सत्र चालू असतानाच अभियोग्यता चाचणी दिली. २०२५ ची ती परीक्षा मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला झाली: दोनशे प्रश्न, दोन तास. शेवटच्या वर्षाला बसलेल्यांनाही तेव्हा परवानगी होती. पहिली ते आठवीला शिकवायला लागणारी टीईटी ज्युनिअर कॉलेजला लागत नाही. यात बऱ्याच जणींचा गोंधळ होतो. सध्या मी पवित्र पोर्टलवरच्या जाहिरातींची वाट बघते आहे आणि ऑगस्टपासून एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर अकरावीला पुस्तपालन शिकवते. महिन्याला साधारण नऊ हजार मिळतात, तेही दर महिन्याला नाही, दोन-दोन महिन्यांचे एकदम. संध्याकाळी चार बॅच घेते. महिन्याची बेरीज जुन्या पगाराच्या जवळ जाते, पण अजून तिथं पोचलेली नाही.

२५ सप्टेंबरला दुपारी ऑफिसातल्या धाकट्या सहकारी मुलीचा फोन आला. मागं गलका ऐकू येत होता. "ताई, ३१ ऑक्टोबर झाली!" ती म्हणाली. मी म्हटलं, बरं झालं, आता जेवून घे. ती जरा थांबली आणि आवाज बारीक करून तिनं विचारलं, "ते गॅपचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडं करायचं का सेतूत?" मी तिला नोटरीचा पत्ता दिला, आणि टीसीसाठी उद्याच कॉलेजात जाऊन ये म्हणून सांगितलं. मग फोन ठेवला आणि घटक चाचणीचे पेपर पुढं ओढले. अडुसष्ट होते, सोमवारी द्यायचे होते, आणि तेरिजेच्या गणितात बावीस जणांचा फरक एकच येत होता: १८०.